सातवा प्रश्न आणि वडवणीचा रेचा

बीडहून वडवणीच्या एसटीत बसलो तेव्हा पिशवीत तीन टॅब होते आणि डोक्यात अफाट आत्मविश्वास. कामगारांना शिकवायला कोणतं ॲप घ्यावं, हे कारखान्यांना सांगणं हा माझा धंदा. पन्नाशीच्या माणसाला लोक यासाठी बोलावतात, याचं मलाच अजून नवल वाटतं.

वेचणी उरकत आलेली कपाशीची रानं मागे टाकून जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी उतरलो. मालक अण्णासाहेब स्वागताला उभेच होते.

"ॲप आलं की मंदाबाईला परत कापूस वाहायला लावतो," ते म्हणाले. "दोन-दोन शिकवनारे कशाला, सर?"

मंदाबाई म्हणजे नव्या माणसांना रेचा (सरकीपासून रुई वेगळी करणारं यंत्र) शिकवणारी बाई. दुपारची भाकरी आणि ठेचा तिनंच वाढला. मी ताटातून मान वर न काढता जेवलो.

जेवणानंतर कामगारांची परीक्षा घेतली. तिन्ही ॲपमध्ये मीच भरलेले तेच दहा प्रश्न. निकाल पाहून चक्रावलो. प्रत्येकाची नऊ उत्तरं बरोबर आणि सातवं चूक. सगळ्यांचं! 'अडकलेला रेचा पुन्हा चालू करण्याआधी काय कराल?' माझं उत्तर: झाकण लावा. यांनी झाडून सगळ्यांनी निवडलं होतं: 'यांपैकी काही नाही'.

"कॉपी केली का?"

"कावून (कशाला) करावी?" मंदाबाई फणकारली. "तुमच्या उत्तरात हाकच न्हाई."

"कसली हाक?"

"बघा सर, लई चुकीचं शिकवती," अण्णासाहेब उठले. "चला, मी दावतो."

ते बंद रेच्यापुढे गेले. मी विचारात हरवून यंत्राला प्रदक्षिणा घालू लागलो. मागच्या बाजूला खिशातलं पेन पडलं, थेट पट्ट्याखाली. वाकून हात घातला. पुढे झाकण खटकन लागलं. माझ्या ॲपप्रमाणे सगळं अगदी बरोबर चाललं होतं.

"मागं कोन हाय?" मंदाबाईची आरोळी आली.

"मी! मी आहे! अजून आहे!"

बाहेर आलो तर अण्णासाहेबांचं बोट बटणावरच थिजलेलं, आणि चेहरा रुईसारखा पांढरा.

"तीनदा हाक द्यायची, मागं जाऊन बघायचं, मंगच बटन," मंदाबाई म्हणाली. "हितून मागचं मानूस दिसत न्हाई, सायेब."

दोन ॲप तिथंच बाद केली. तिसऱ्यात आपला आवाज भरता येत होता. त्यात मंदाबाईचा आवाज भरावा, आणि शेवटची परीक्षा तिनंच रेच्यापाशी घ्यावी, असं लिहून दिलं. अण्णासाहेबांनी न वाचताच सही केली. मंदाबाईनं टॅब उलटासुलटा करून पाहिला.

"आवाज भरते. पर मागून कोनी ओ दिली, तर ह्याला ऐकू येतंय का?"

परीक्षा घ्यायला आलो होतो आणि एकटा मीच नापास झालो होतो.

परतीच्या एसटीत अजून पेनाची शाई बोटांवर होती. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला आणि विचारलं, "मागं कोनी ऱ्हायलंय का?"

"मी आहे!" मी उभा राहून ओरडलो.

सगळी गाडी हसली. कंडक्टरनं मला खाली बसवलं, दाराबाहेर एकदा डोकावून पाहिलं, आणि मगच घंटी मारली.