कुस्कोचं हजेरी मस्टर

सहल चार दिवसांची होती, किस्से दहा महिने झाले तरी संपत नाहीत. अमेरिकेतल्या फ्रिस्कोत दर शनिवारी आम्ही आठ जण क्लबहाउसमध्ये जमतो. चार आजोबा, चार आजी, सगळे मुलांकडे राहणारे. चहा येईपर्यंत गुडघे, चहा आला की कुस्को! पूर्वी माझ्या टेबलावर कागद साचायचे, तसे हे किस्से साचत चाललेत. फरक एवढाच, की त्या कागदांवर इतरांची नावं असायची. इथे प्रत्येक प्रकरणात आरोपी मीच.

\*

पेरूला जायची कल्पना माझी. वर्षभर लायब्ररीतून इंका लोकांवरची पुस्तकं आणून मी दर शनिवारी मंडळींना ऐकवत होतो. शेवटी नागपूरचे कुलथे म्हणाले, "साहेब, कान किटले आता. एकदा दाखवूनच टाका ना बाप्पा!"

मी जिल्हा कचेरीत सदतीस वर्षं कारकून होतो. साहेब कधीच झालो नाही. ते प्रमोशन फ्रिस्कोत मिळालं.

माझ्या मुलानं, निखिलनं, अट घातली. "बाबा, जा. पण तुमच्यातला एक माणूस जरी हरवला, तरी ही शेवटची ट्रिप. यापुढे फक्त आमच्याबरोबर." आमच्याबरोबर म्हणजे गाडीच्या मागच्या सीटवर, नात आणि कुत्रा यांच्या मध्ये. मला अजून दोन-तीन देश बघायचे होते, म्हणून मी छाती काढून म्हटलं, "जबाबदारी माझी!"

नात इरा अकरा वर्षांची. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. "वेट. आजोबा इज द लीडर?" आणि लगेच आमच्या दोघांच्या फोनमध्ये काहीतरी सेटिंग करून टाकलं. आता तिला घरबसल्या नकाशावर आमचे दोन ठिपके दिसणार होते.

\*

पेरूतलं कुस्को अकरा हजार फुटांवर आहे. विमानतळावरच मी सर्वांना भाषण दिलं. हळू चाला, कमी बोला, बॅगा उचलू नका. तिथली हवा विरळ असते, वगैरे.

हॉटेलात काउंटरवरची बाई माझी बॅग उचलायला लागली. ते काही मला बघवेना. मी बॅग तिच्या हातातून घेतली आणि एक मजला चढलो.

पंधरा मिनिटांनी मी लॉबीतल्या सोफ्यावर आडवा होतो आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. भोवती सातही जण उभे. माझी बायको घाबरली होती. कुलथे मात्र कौतुकानं बघत होते.

"वर्षात पहिल्यांदा साहेब गप्प बसलेत. हा सिलिंडर फ्रिस्कोला नेता येईल का हो?"

\*

दुसऱ्या दिवशी शहर बघायला निघालो. आमचा गाइड एडगर, अतिशय सज्जन माणूस. एका गल्लीत इंकांची जुनी भिंत दाखवून तो म्हणाला, "चुना नाही, सिमेंट नाही. तरी दोन दगडांच्या फटीत कागदसुद्धा जात नाही."

ऐकीव माहितीवर शेरा मारायची मला सवय नाही. मी खिशातून कागद काढला आणि फटीत सरकवून बघू लागलो. कर्कश शिट्टी वाजली! त्या भिंतीला हात लावायला मनाई असते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. रखवालदार धावत आला, एडगरनं त्याची माफी मागितली.

पुण्याच्या शैलाताई शांतपणे म्हणाल्या, "बिनकामाचा कागद सरकवायला गेलात ना, की असं होतं."

\*

या शैलाताईंनीच मला पुढे गारद केलं. इंकांना लिपी नव्हती. सगळा कारभार दोऱ्यांच्या गाठींमध्ये नोंदलेला. एडगरनं तसा गाठींचा एक झुबका दाखवल्यावर मला भरून आलं. म्हटलं, "बघा! राजे आले नि गेले, राज्य चालवलं ते कारकुनांनी!"

एडगर म्हणाला, "पण त्या गाठींचा पूर्ण अर्थ आज कोणालाच लागत नाही."

"मग बरोबर," शैलाताई म्हणाल्या. "कारकूनच असणार."

\*

त्याच सकाळी बाजारात शालींच्या नादात शैलाताई वीस मिनिटं गायब होत्या. मला मागची सीट आणि कुत्रा दिसू लागला. मी ताबडतोब हजेरी मस्टर काढलं. आठ नावं, आणि दुपारच्या चार ठिकाणांचे चार रकाने. प्रत्येक ठिकाण बघून बसमध्ये परतलं, की सही करायची.

एडगर म्हणाला, "मी डोकी मोजतो ना."

मी म्हटलं, "डोकी मोजण्यात चूक होते. सहीत होत नाही." एडगरनं मान डोलावली आणि मोजणं मस्टरवर सोपवलं.

दुपारी बस निघायच्या आधी कुलथ्यांनी मस्टर मागून घेतलं आणि चारही रकान्यांत सह्या ठोकल्या. मी ओरडलो. ते म्हणाले, "आमच्या ऑफिसात सोमवारी आठवड्याच्या व्हायच्या. सारखं कोण पेन काढेल?"

मस्टर फिरलं. सगळ्यांनी चार-चार सह्या केल्या. शेवटी माझ्याकडे आलं. मी क्षणभर विचार केला. मग, खोटं कशाला बोलू, मीही केल्या.

\*

पहिलं ठिकाण सॅक्सायवामान. डोंगरावरचा प्रचंड किल्ला, हत्तीएवढे दगड. समोरच एक गुळगुळीत खडक आहे, त्यावरून लोक घसरगुंडीसारखे घसरतात. मी सर्वांना बजावलं, "आपल्या वयात हे करायचं नाही!" मंडळी निमूट बसकडे वळली.

मी मागे राहिलो. फक्त पाहणी करायला.

एकदा घसरलो. खाली शाळेची मुलं होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणून दुसऱ्यांदा घसरलो. तिसऱ्यांदा पँट फाटली. ती मागून हातानं धरून धापा टाकत फाटकाशी आलो, तर बस नाही!

फोन वाजला. इरा.

"आजोबा, आजी इज मूव्हिंग. यू आर नॉट. आर यू ओके?"

"मी बसमध्येच आहे, बाळा."

"देन व्हाय इज द बस मूव्हिंग विदाउट यू?"

मी आवाज खाली आणला. "इरा, हे बाबाला सांगायचं नाही हं."

"आजोबा, यू आर ऑन स्पीकर."

मागून निखिलचा आवाज आला, "बाबा, थांबा तिथेच. आईला लावतो."

पुढचं मला कुलथ्यांनी सांगितलं, आणि दर शनिवारी सांगतात. बस लागते म्हणून ही पहिल्याच सीटवर बसली होती, शेजारी मस्टर. मी मागे असणार असं तिनं धरलंच होतं. फोन आला.

"आई, बाबा कुठे आहेत?"

हिनं मागे वळूनही पाहिलं नाही. पर्समधून चष्मा काढला, मस्टर मांडीवर घेतलं, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि निखिलला म्हणाली,

"आहेत की रे! सही आहे त्यांची. पुढच्या तिन्ही ठिकाणांचीसुद्धा आहे!"