धुऱ्यावरच्या बोराट्या

आमच्या मळ्याला लागून संत्र्याची बाग होती. मध्ये धुरा, म्हणजे बांधाची दोन हात रुंदीची पट्टी, आणि त्या धुऱ्यावर बोरीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण. या फांद्यांना आमच्याकडे बोराट्या म्हणतात आणि अशा कुंपणाला कुपाटी. विहिरीकडची अर्धी कुपाटी आम्ही घालायची, नाल्याकडची अर्धी बागवाल्यांनी, ही वाटणी माझ्या आजोबांच्या वेळेपासूनची. मी बी.ए. होऊन अमरावतीहून चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा नाल्याकडच्या अर्ध्या भागाला बैलगाडी जाईल एवढे भगदाड पडले होते.

बागवाल्यांना मी काका म्हणत असे. माकडांपासून संत्री राखायला त्यांनी चार कुत्रे पाळले होते. उन्हाळ्यात संत्र्याच्या झाडांना ताण देतात. महिना-दीड महिना पाणी बंद ठेवतात, म्हणजे पुढे बहर चांगला धरतो. त्यामुळे बागेतली जमीन तव्यासारखी तापलेली. आमच्याकडे मात्र मिरचीच्या रोपाचे वाफे, रोज सकाळी पाणी दिलेले. दुपार झाली की चारही कुत्रे भगदाडातून रांगेने येत, वाफ्यातली ओली माती उकरत आणि पोट टेकून पडून राहत. हाकलले तर शेपटी हलवत उठत, धुऱ्यापलीकडे जाऊन उभे राहत. मी पाठ वळवली की पुन्हा हजर.

पहिल्या वाफ्यातले सगळे रोप असे गेले. बी घरचे होते, बाबांनी वर्षानुवर्षे निवडून राखलेले. लांब, पातळ सालीची, वाळली की गर्द लाल होणारी ती मिरची होती. तिच्याच जोरावर बाबांनी मला चार वर्षे कॉलेजात ठेवले. आता गाडग्यात दोन मुठी बी उरले होते. बाबांनी तेही दुसऱ्या वाफ्यात टाकले. हे रोप गेले असते तर ती मिरची आमच्या घरातून कायमची गेली असती.

मी काकांकडे गेलो. ते बाजेवर बसून तंबाखू मळत होते.

"काका, तुमच्याकडची कुपाटी पडली ना. कुत्रे आमचं रोप तुडवून राहिले."

"कुत्रेच ते. त्याईले काय समजते?"

"मंग कुपाटी बांधा ना."

"बांधतो. माये गडी सुट्टीवर हायेत. ताण तुटला का पयलं काम तेच."

"तवरिक रोप राहीन का?"

"तू तं बी.ए. झाला म्हणते गाव. इंग्रजीत समजावून सांग त्याईले."

तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा "बांधतो". मग मी बाबांना म्हणालो, तहसीलदारसाहेबांकडे अर्ज करतो, चांगल्या इंग्रजीत. बाबांनी हातातले खुरपे खाली ठेवले. "तू चालला अकोल्याले नोकरीवर. मले त्याच्या शेजारी जन्म काढाचा हाय."

बाजाराच्या दिवशी बाबा भाजी घेऊन चांदूर बाजारला गेले. काकाही गेलेले. मी सकाळीच नाल्यातून बोराट्या तोडल्या, ओढत आणल्या आणि बेचक्याच्या काठीने दाबून भगदाड बुजवले. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले. दुपारी कुत्रे आले आणि काटे हुंगून परत गेले. मला इतका आनंद परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

संध्याकाळी काका धुऱ्यावर उभे.

"हे कोणं केलं?"

"मी केलं, काका. तुमचे गडी नव्हते म्हणून…"

"माया कुपाटीले हात लावाचं तुले कोणं सांगतलं? धुरा लाटाचा हाय का? तुया बापानं कधी हात नाई लावला, अन् तू चार बुकं वाचून आला तं सरळ सीमाच सरकवून राहिला!"

मला काहीच कळेना. नंतर बाबांनी समजावले. आमच्या भागात धुऱ्याचा वाद निघाला की पंच आधी हेच विचारतात, इथली कुपाटी कोण घालते? जो घालतो त्याचा धुरा धरला जातो. म्हणून दुसऱ्याच्या वाट्याच्या कुपाटीला कोणी काटासुद्धा लावत नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मून मला हे ठाऊक नव्हते. लहानपणापासून शाळेपायी मी दुसऱ्या गावी राहिलो होतो.

काकांनी माझ्या साऱ्या बोराट्या एक-एक करून उपसल्या आणि आमच्या हद्दीत नीट रचून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नव्या वाफ्याचा एक कोपरा गेला होता.

बाबा मला घेऊन बागेत गेले आणि हात जोडून म्हणाले, "पोरगं शिकलेलं हाय, भाऊ. त्याले यातलं समजत नाई."

काका लगेच नरमले. "मी काय राग धरून बसतो काय गा? बांधतो ना. ताण तुटू दे." वर आम्हाला गूळ-पाणी दिले. चूक त्यांची, कुत्रे त्यांचे, आणि माफी आम्ही मागितली!

परतल्यावर बाबांनी भगदाडाजवळ एक रिकामा वाफा उकरला. "त्याईले गारवाच पाह्यजे ना? इथं देऊ." रोज सकाळी त्या वाफ्यात सहा घागरी पाणी घालायचे काम माझ्याकडे आले. कुत्रे तिथे लोळू लागले आणि रोप वाचले. बागेतून काका ओरडत, "बी.ए., काल पाणी कमी पडलं बरं का!" मी दात आवळून विहिरीकडे वळे.

तीन आठवड्यांनी काकांनी ताण तोडला. मोट सुरू झाली, बाग भिजली आणि कुत्रे आपल्याच झाडांखाली राहू लागले. मग एका सकाळी पाहतो तर काका एकटेच भगदाड बुजवत होते. अर्ध्या तासाचे काम.

"आता तं कुत्रे येतच नाईत, काका. आता काहून?"

"तुमची बकरी हाय ना, बावा. मायी झाडं पालवली. तिनं कोवळं खाल्लं म्हंजे?"

मी तोंड उघडले, पण बाबा मागून म्हणाले, "चाल, रोप उपटाचं हाय."

मिरचीची जात वाचली, पण रोप अर्ध्याच वावराला पुरले. उरलेल्या अर्ध्यात बाबांनी ज्वारी पेरली. लावणी आटोपल्यावर मी अकोल्याच्या शाळेत रुजू व्हायला निघालो. त्या सकाळी काकांना काय बोलायला हवे होते, ते बडनेरा स्टेशन येईपर्यंत मी मनात जुळवत होतो, अस्सल वऱ्हाडीत.