रुमालाखालचा हात

मोठ्या शहरातल्या एका संग्रहालयानं माझ्या आईला फसवलं, आणि तो सौदा मी स्वतः जुळवून दिला होता.

मी बैलांचा व्यापारी. एका गोऱ्ह्यावर धंदा सुरू केला, आणि उमरग्यापासून भूमपर्यंतच्या बाजारांत मला गंडवणारा अजून जन्मला नाही, असं परवापर्यंत सांगत होतो. आमच्या पहिल्या बैलासाठी आईनं झूल शिवली होती, पोळ्याला पाठीवर घालायची. लाल कापड, कवड्या, आरसे, वशिंडासाठी मधोमध कापलेली जागा. तीन पावसाळे ती शिवत होती.

संग्रहालयाचे साहेब घरी आले, झूल बघून किंमत विचारली. मी म्हणालो, "पैसा नको. उमरग्यात तुमची शाखा काढा. एक खोली पुरे. झूल तिथं ठेवा. आईला चालत जाऊन बघता आली पाहिजे."

"काढू की," साहेब म्हणाले.

बाजारात आमचा सौदा रुमालाखाली होतो. हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. एकदा ठरलं की शब्द फिरत नाही. मी खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकला आणि त्यांचं एक बोट दाबलं. एक खोली. त्यांनीही दाबलं. साहेबांबरोबर आलेल्या बाईंनी फोटो काढला. साहेब हसत होते. बैल घेणारा हसत हात देऊ लागला की मी सौदा मोडतो. त्या दिवशी मोडला नाही. कागदसुद्धा मागितला नाही.

शाखा निघाली. आखातात, समुद्राकाठी. झूल तिकडं गेली.

मी फोनवर भडकलो. साहेब शांतपणे म्हणाले, "दादा, तुमच्या आईची कला जग बघतंय."

"जगात उमरगा येत न्हाय का?"

"पण तिथं बघायला येणार कोण?"

"एक बाई येणार होती," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

आमच्या गल्लीतला एक जण तिकडं गाडी चालवतो. सुट्टीच्या दिवशी तो शाखेत जाऊन आला, त्यानं दोन फोटो पाठवले. आईची नजर अधू झालीय. मी फोन तिच्या डोळ्यांजवळ धरला.

"भितीला टांगली व्हय रं? बैल कुठाय?"

"तिथं बैल न्हाईत, आई."

"मग वशिंडाच्या भोकातनं काय, भितच दिसती?" ती लई हसली. मग म्हणाली, "आपल्या खोलीला रंग द्यायचा अजून ऱ्हायलाय का?"

उमरग्यातली खोली तयार हाय, रंग तेवढा ऱ्हायलाय, असं इतके दिवस मीच तिला सांगत आलोय.

दुसरा फोटो तिला दाखवला नाही. झुलीशेजारी चौकटीत त्या दिवशी बाईंनी काढलेला फोटो टांगलाय: आमचे हात, वर माझा रुमाल. खाली पाटी आहे: गुरांच्या बाजारातली सौद्याची जुनी रीत.

परदेशात शाखा काढायला माझी हरकत नाही. खुशाल दहा काढा. पण त्या रुमालाखाली दुसरा हात कुणाचा होता? त्या माणसानं उमरग्याला यावं, आईच्या बाजेवर टेकावं आणि खोली कधी होणार, ते तिला स्वतःच्या तोंडानं सांगावं. मी आता सांगणार नाही.