काला नावाचं पांढरं फूल

अंथुर्ण्याच्या फाट्यावर बारामतीची एसटी लागली तेव्हा आई माझ्या बॅगेवर बसली होती. चेन लागत नव्हती, कारण कपड्यांखाली तिनं न्हाणीमागच्या अळवाच्या किलोभर अळकुड्या कोंबल्या होत्या. "तिकडं अळू न्हाय मिळायचं. दारात लाव." आबांनी बॅग एसटीत चढवली आणि विचारलं, "हिरीजवळचं दोन गुंठं तुज्यासाठी मोकळं ठिवतू. कवा येतूस?" सणसरला दुसऱ्याच्या पॉलिहाऊसात जरबेरा तोडून तोडून मला स्वतःच्या फुलांचं वेड लागलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. "दोन वर्षांत," मी म्हणालो.

त्याला सात वर्षं झाली.

मंडळी, मागं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बूड हलवलेल्यांनो, मी जरा वाढवून सांगतो हे तुम्ही जाणताच. पण हे खरं आहे. निदान बारा आणे.

माझी बायको सुवर्णा नर्स. तिला जर्मनीत नोकरी लागली आणि मी तिच्या व्हिसाला लोंबकळत आलो. विमानतळावरच्या साहेबानं अळकुड्या हातमोजे घालून अशा उचलल्या, जणू आईनं सुतळी बॉम्बच भरलेत. गेल्या कचऱ्यात. मग चौथ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा आणि थंडी. थंडी अशी, की शिंकलो तर शिंक खाली पडून फुटायची. सूर्य दुपारी चारलाच शिफ्ट संपवून घरी. खिडक्या बंद, गॅलरीचं दार बंद. मी काचेला नाक लावून उभा; समोरच्यांना वाटायचं, यांनी माणूस पाळलाय.

पुढच्या वसंतात शनिवारच्या बाजारात एक बाई कंद विकताना दिसली. बाजार आपल्या निमगावसारखाच, फक्त कुणी ओरडत नाही. "काला, काला," ती म्हणाली. मी हरखलोच! काळ्या देठाचं अळू म्हणजे वडीला एक नंबर. चार कुंड्या लावल्या. पानं आली तशी आईला व्हिडिओवर दाखवली. "अळूच की रं! चिंच दाबून घाल." वड्या केल्या, पहिला घास घेतला आणि जिभेवर गांधीलमाश्यांचं अख्खं पोळं फुटलं. दोन दिवस शब्द फुटेना. लग्नानंतरचे सगळ्यात सुखाचे दोन दिवस, असं सुवर्णा अजून सांगते.

महिन्यानं त्या अळवातून एक पांढरंशुभ्र फूल वर आलं, दुधाचा पेला कलंडावा तसं. काला हे फुलाचं नाव होतं. अळवाच्या नात्यातलंच, पण खायचं नाही.

माझ्या जिभेला तेवढ्यानं कुठली अक्कल! आबांना फोनवर म्हणालो, "फुलशेती धरलीय, अर्धा एकर." दुसऱ्या वर्षी एकर झालं, तिसऱ्या वर्षी दोन, चौथ्या वर्षी मी ट्रॅक्टरही घेतला. कुंड्या चारच. मी एका गोडाऊनमध्ये खोकी चिकटवतो. दर दिवाळीला आबा विचारत, "हितलं रान ठिवायचं न्हवं मोकळं?" आणि मी म्हणे, "ठेवा." परतावं तर सुवर्णाची नोकरी, आणि पोरगी झोपेतसुद्धा जर्मन बरळते. राहावं तर तिकडं दोन गुंठे माझी वाट बघत कोरडे पडलेत. कुठलंच दार उघडेना.

हिवाळ्यात हे कंद बाहेर ठेवले तर गोठून मरतात. खालच्या मजल्यावरच्या उर्सुला आजीनं शिकवलं: पानं पिवळी पडली की कापायची, कंद उपटून वाळवायचे, लाकडाच्या भुशात घालून तळघरात ठेवायचे. पाणी अजिबात नाही. पहिल्या वर्षी मला राहवेना, रोज शिंपडलं. सगळे कुजले, नवे आणावे लागले. आजी म्हणाली, "तू त्यांना काळजीनं मारलंस."

परवाच्या दिवाळीत मी तळघरात कंद भरत होतो आणि आबांचा व्हिडिओ कॉल आला. लपवायला जागा नव्हती. खोकं कॅमेऱ्यासमोर धरलं.

"आबा, ही माझी शेती. एवढीच."

"व्हय, म्हायती हाय. चार कुंड्या. सूनबाईनं कवाच दाखवल्या."

"मग ट्रॅक्टरचं ऐकून घेतलंत कसं?"

"त्याचा रंग इचारनार हुतू," आबा हसले. "रान तुज्या आईपायी ठिवलं. ती म्हनायची, जागा मोडली की प्वार यायचं न्हाय. आता तीच म्हनती, इचारा त्याला. लावू का ऊस?"

पडद्याच्या कडेला आईचा पदर दिसत होता. ती पुढं आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही.

"लावा," मी म्हणालो.

"बरं," आबा म्हणाले. मागून आई म्हणाली, "न्हाणीमागचं अळू हाय तसंच ठिवते म्हनावं."

कुणी अडगळ समजून फेकू नये म्हणून उर्सुला आजीनं खोक्यावर नाव घालायला सांगितलं. मी मार्करनं ठळक लिहिलं: अंथुर्णे. आता या इमारतीच्या तळघरात, कुणाच्या तरी सायकली आणि कुणाच्या तरी सुटकेसींच्या मधे, माझं गाव भुशात झोपलंय. पाणी घालायचं नाही. महिन्यातून एकदा खाली जातो, भुशात हात घालून एकेक कंद दाबून बघतो. घट्ट लागला की दिवा मालवून वर येतो.