ओल्या फडक्यातला माथा

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आले की इनास मास्तर आधी चहा घेत नसत. मोरीत भिजत ठेवलेला लाकडाचा एक जाडजूड ठोकळा बाहेर काढत, ओल्या फडक्यात गुंडाळत आणि मला हाक मारत. मी त्यांच्याच शाळेत शिकवत होतो आणि पापडी गावात त्यांच्या शेजारी खोली घेऊन राहत होतो. सहा दिवस पोरांवर ओरडून घसा बसलेला असायचा. रविवारी नुसतं पडून राहावंसं वाटायचं. पण मास्तरांची तिवई उचलायला दुसरं होतं कोण? ती खांद्यावर टाकून मी निमूटपणे त्यांच्यामागे मिठागराच्या बांधाकडे निघायचो.

मिठागरांवरचा एक गोरा साहेब देश सोडून जाताना मास्तरांना पितळेची दुर्बीण देऊन गेला होता. हातभर लांब आणि चांगली वजनदार. तिची तिवई मात्र तो बरोबर घेऊन गेला. "घोडा दिला नि लगाम नेला," असं मास्तर म्हणत. तिवईचे पाय कोणीही करून देतो. सगळी गोम माथ्यात, म्हणजे पाय आणि दुर्बीण यांच्यामधल्या सांध्यात. तो चहूकडे अलगद फिरला पाहिजे आणि थांबवला की जागच्या जागी थांबला पाहिजे. या माथ्यापायी मास्तरांनी चार हिवाळे घालवले आणि माझेही घालवले.

एवढा अट्टहास एका पाखरासाठी होता. थंडीत लांबून येणाऱ्या वाकड्या चोचीच्या पाखरांत एक खरोखरच एका पायाचं होतं. मास्तरांनी ते पहिल्याच वर्षी हेरलं होतं, आणि दर हिवाळ्यात ते परत आलं की नाही हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. अडचण अशी की विसावलेली ही सगळीच पाखरं एक पाय पोटाशी घेऊन उभी राहतात. मग दुर्बीण लावायची आणि समोरचं पाखरू चालतं की लंगडी घालतं हे दिसेपर्यंत डोळा हलवायचा नाही. कधी अर्धा तास, कधी एक. कंटाळून मी एकदा म्हणालो, तेच असेल हो, चला आता. त्यावर मास्तर शांतपणे म्हणाले, "पाहिलं ते पाहिलं. वाटलं ते घरी न्यायचं नाही."

पहिला माथा मुंबईच्या जुन्या बाजारातून आणला, फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याचा. कितीही आवळला तरी दुर्बीण हळूहळू नाक खाली घालायची. दुसरा जमीन मोजणाऱ्यांच्या तिवईचा. तो पक्का होता, पण मळसूत्र फिरवून फिरवून नेम धरेपर्यंत पाखरू दुसऱ्या आगरात गेलेलं असायचं. शेवटी मास्तर पाचूबंदरला होड्या बांधणाऱ्या धर्मा सुताराकडे गेले. धर्माने सुकाणूच्या बिजागरीसारखा दोन ठोकळ्यांचा माथा घडवला. बांधावर नेऊन लावला, तर तो खुळखुळा वाजावा तसा डगडगत होता. होडीचं लाकूड पाण्यात फुगतं म्हणून धर्माने सवयीने सांध्यात फट ठेवली होती. हे लाकूड कोरड्या बांधावर उभं राहणार, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. नवा करून देतो म्हणाला. मास्तर म्हणाले, नको, मीच याला पाणी पाजतो. तेव्हापासून ती मोरी आणि ते फडकं.

भिजल्यावर माथा झकास बसला. दोन हिवाळे बरे गेले. मग पुन्हा दुर्बिणीतलं चित्र थरथरू लागलं. मास्तर म्हणत, भिजवणं कमी पडलं. ते रात्रभर भिजवू लागले, मग दोन-दोन दिवस. मला कारण ठाऊक होतं. वर्गाच्या दारावरून जाताना फळ्यावरच्या त्यांच्या रेषा मला दिसत; पट्टीने मारल्यासारख्या सरळ असायच्या, त्या आता कापऱ्या झाल्या होत्या. पण ते तोंडावर सांगायचा मला धीर झाला नाही. त्यापेक्षा तिवई उचलणं सोपं होतं.

शेवटी माथ्याची तक्रार घेऊन मास्तर पुन्हा धर्माकडे गेले. मी होतोच. धर्माने तिवई रोवली आणि माथ्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. वारा पडला होता. पाणी हललं नाही. मग तो मास्तरांना म्हणाला, दुर्बीण धरता तसा हात ठेवा. मास्तरांनी ठेवला. वाटीतलं पाणी काठावरून सांडू लागलं.

"लाकूड बसलंय, मास्तर," धर्मा खाली बघत म्हणाला. "आता नेम धरला का तुमी हात काढून घ्या."

वाटीत उरलेलं पाणी मास्तरांनी माथ्यावर ओतलं, फडकं गुंडाळलं आणि घरापर्यंत पहिल्यांदाच तिवई स्वतः वाहिली. मला स्वतःची लाज वाटली. जे मी वर्षभर गिळून बसलो होतो, ते त्या सुताराने एका वाटीत दाखवून दिलं होतं.

पुढच्या रविवारपासून नेम मी धरू लागलो. "डावीकडे. थोडं खाली. बास," एवढंच ते बोलत. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून, वाकून, नुसता डोळा लावत. त्या वर्षी त्यांना ते पाखरू दिसलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि मास्तर गेले.

थंडी पडली. रविवारी हाक येणार नव्हती. मनसोक्त झोपता आलं असतं. झोप लागली नाही. उठून मास्तरांच्या घरी गेलो, त्यांच्या पत्नीकडे, मरीबायकडे दुर्बीण मागायला. तिने मोरीतून माथा आणून दिला. फडकं ओलं होतं.

बांधावर एक पाखरू एका पायावर उभं होतं. नेम धरला, हात पाठीमागे बांधले. पाठ भरून आली, ऊन चढलं. बऱ्याच वेळाने त्याने पंख झाडले, पोटाशी घेतलेला दुसरा पाय खाली टेकला आणि ते चिखलातून चालू लागलं.

परत आलो तेव्हा मरीबाय दारातच उभी होती.

"आलं?"

हो म्हणावं असं फार वाटलं. तिच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठीही.

"नाय, बाय. ते नव्हतं."

तिने माझ्या हातातून माथा घेतला. "मंग पानी घालून ठेवते," ती म्हणाली.