पानाला काठ येत नाही

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी नीलम्मानं महादेवीकडून पहिलं पान आणलं. दोघींचं माहेर चाकूर, सासर एकाच गल्लीत. महादेवीच्या कुंडीत तलवारीसारखी उभी पानं होती, कडेनं हळदीसारखी पिवळी पट्टी. गल्लीतल्या बायका त्याला काठाचं झाड म्हणायच्या.

नीलम्माचा हातगुण मोठा. क्रोटनची फांदी फुटक्या डब्यात खोचली तरी रंग धरायची. उन्हाळ्यात घरोघरच्या लोणच्याला पहिला हात तिचा लागायचा. बुरशी येत नाही म्हणायचे.

"वाळूत खोच, लई पाणी घालू नको," महादेवीनं पान कापून देताना सांगितलं. पानाला मूळ फुटलं, कोंब आला, पण नुसता हिरवा. दुसरं पान नेलं, तेही तसंच. मग दुष्काळ पडला, नळ पाच दिवसांआड आला. तांदूळ धुतलेलं पाणी राखून नीलम्मानं तिसरं पान वाढवलं. हिरवंच.

"नीलाक्का, तुझ्या हातात सोनं बी हिरवं होतंय की गं!" महादेवी नळावर सगळ्यांदेखत म्हणाली. बायका हसल्या, नीलम्माही हसली. पण त्या उन्हाळ्यात शेजारच्या साखराबाईनं तिला लोणच्याला बोलावलं नाही. पुढच्या वर्षी कुणीच नाही. नीलम्मा घरचं लोणचंसुद्धा सुनेच्या हातानं घालू लागली.

एका सकाळी ती चाळण मागायला महादेवीकडं गेली. अंगणात नव्या कचेरीतल्या साहेबांची बायको उभी होती. महादेवी कुंडी आडवी पाडून खुरप्यानं गड्डा फोडत होती.

"एक पान दिलं तरी चालेल," बाई म्हणाल्या.

"पान नका नेऊ, बाईसाहेब. पानाला नुसतं हिरवं येतंय. काठ पाहिजे तर मुळासकट न्यावं लागतंय. मी बी आधी फसले होते."

बाई गड्डा घेऊन गेल्या. दारात उभी नीलम्मा तेव्हा महादेवीला दिसली.

"कधीपासून ठाऊक हाय तुला?"

"अगं, तुझ्याकडं सगळंच येतंय. येवढं एक माझ्याकडं असू दे वाटलं." महादेवीनं घाईनं दुसरा गड्डा उचलला. "घे की. रागावू नको."

नीलम्मानं हात पुढं केला नाही. "झाड राहू दे. चल साखराबाईकडं. पानाला काठ येत न्हाई, येवढंच सांग."

"आता कशाला जुनं उकरतीस? लोक काय म्हणतील मला?"

"मला काय म्हणाले इतकी वर्षं?"

महादेवी खाली बसून सांडलेली माती गोळा करू लागली. नीलम्मा एकटीच गेली. साखराबाईनं ज्वारी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं.

"झाड आलं न्हाई म्हणून तिच्या माथी मारतीस व्हय?" ती म्हणाली. "तीच तर म्हणली होती, लोणच्याला नीलाक्काला नका बोलवू, बिचारीच्या हाताचा गुण गेला, उगं तिच्या मनाला लागंल. इतकी माया करतीय तुझ्यावर!"