फाटकापासूनची पहिली जागा

आमची मंडळी लहान आहे. रविवारी उपासनेला साठ माणसं जमली तर पाळकसाहेबांचा आवाज आपोआप चढतो. रत्नागिरीत ख्रिस्ती म्हटलं की लोक विचारतात, गोव्याचे का वसईचे? आम्ही इथलेच, पणजोबांपासूनचे, घरात मराठी बोलणारे आणि बांगड्याच्या आमटीवर वाढलेले, हे समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं अर्धं कॉलेजच्या ऑफिसात गेलं. निवृत्त झाल्यावर कुठेतरी सही करायला मिळावी म्हणून मी पंचकमिटीचा सेक्रेटरी झालो.

दयेच्या कामात आमचा हात धरणारं कोणी नव्हतं. नाताळात सिव्हिलमधल्या पेशंटना केळी आणि बिस्किटं, पावसाळ्याआधी झोपड्यांना ताडपत्री, शाळा उघडली की वह्या. प्रत्येक वेळी फोटो निघे आणि फोटोत मी मधे असे. ‘गरीब, पीडित आणि परके’ यांच्यासाठीची रविवारची प्रार्थना मीच लिहीत असे, आणि वाचताना माझा मलाच गहिवर येई.

ते परके आमच्याच मागच्या बाकांवर बसत. बंदरातल्या मच्छीमार बोटींवर नेपाळी खलाशी असतात, त्यांतले सात-आठजण ख्रिस्ती होते. बोट किनाऱ्याला असली की आंघोळ करून, केसांना तेल लावून यायचे, तरी अंगाला मासळीचा वास राहायचाच. त्यांच्या आणि आमच्या मधे एक बाक नेहमी रिकामा असे. तसं कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्या बाकावर फक्त एक बाई बसायची, ती म्हणजे सिस्टर.

सिस्टर म्हणजे सिव्हिलमधून वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या नर्स. नवरा केव्हाच गेलेला, मुलगी मुंबईला. पायात कॅनव्हासचे बूट, हातात बारा महिने छत्री, आणि जीभ अशी की पाळकसाहेबसुद्धा त्यांना ‘सलाम’, म्हणजे आमच्यातला नमस्कार, करताना एक पाऊल लांब उभे राहत. माझ्या बायकोच्या शेवटच्या चार महिन्यांत त्या रोज सकाळी आमची चढण चढून यायच्या. तिला आंघोळ घालायच्या, वेणी घालायच्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचो, तर आतून ओरडायच्या, “रडून झालं असेल तर चहा टाक रे!” त्यांच्यावर माझं प्रेम होतं आणि त्यांची धास्तीही होती.

आता दफनभूमीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. आमची दफनभूमी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर आहे. तिथे कबर खणता येईल एवढी माती एका पट्ट्यातच आहे, बाकी सगळा जांभ्याचा कातळ. त्या पट्ट्यात जुन्या कबरींच्या मधेमधे नऊ जागा उरल्या होत्या आणि नऊही धरलेल्या होत्या. आमच्यात रीतच तशी पडली होती. नवरा किंवा बायको गेली की शेजारच्या जागेवर जांभ्याचा एक चिरा पुरायचा, त्याला चुना फासायचा, की ती जागा आपली. ईस्टरच्या आधी आम्ही सगळे चुन्याचं डबडं घेऊन आपापला चिरा रंगवायला जायचो. बसच्या सीटवर रुमाल टाकावा तसंच हे होतं, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. फाटकापासून मोजलं तर पहिली जागा माझी होती, माझ्या बायकोच्या डाव्या हाताची. दर रविवारी संध्याकाळी मी तिथे जायचो, तिच्याशी थोडं बोलायचो आणि माझ्या चिऱ्यावर बसायचो.

शिवाय एक नियम होता. सलग तीन वर्षं सभासद असलेल्यालाच दफनभूमीत जागा. हा नियम मी स्वतः लिहिला होता, आणि त्याची भाषा किती बिनतोड झाली आहे याचा मला अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्या खलाशांपैकी एकजण कावीळ होऊन सिव्हिलमध्ये वारला. वय तिशीच्या आतलं. वर्षभरच आमच्याकडे येत होता. त्याचा थोरला भाऊ दुसऱ्या बोटीवर होता. मयत एवढ्या लांब गावी नेणं त्यांना शक्य नव्हतं. भाऊ सकाळीच पाळकसाहेबांकडे आला आणि मोडक्या मराठीत एवढंच म्हणाला, “मातीत ठेवा, वर क्रूस लावा. आईला फोनवर दाखवायचं आहे.”

देवळाच्या पडवीत कमिटी बसली. पाळकसाहेब, मी, एक आंबा बागायतदार आणि एक निवृत्त हेडमास्तर. भाऊ पायरीवर उन्हात बसला होता. त्या दिवशी आमच्या दयेला नुसता पूर आला. शवपेटी मी दिली. फुलं आणि गाडी बागायतदारांनी दिली. हेडमास्तरांनी बोटीवरच्या सगळ्यांना चहा-पाव सांगितला. नियमाचं निघालं तेव्हा सगळ्यांचे चेहरे सारखेच दुःखी झाले. मी वही उघडून नियम वाचून दाखवला, तोही हळू आवाजात. मग तोडगा निघाला की कुंपणाच्या कडेला, कातळात जागा द्यावी. ती काही त्या नऊ जागांतली नव्हे, म्हणजे नियमही मोडणार नाही. कातळ फोडायचं मशीन परवा मिळालं असतं. तोवर तो शवागारात राहील, आपण प्रार्थना करू.

तेवढ्यात छत्री मिटत सिस्टर आल्या. मयताला त्यांनीच स्वच्छ केलं होतं. हाताला अजून डेटॉलचा वास होता.

“काय ठरलं?”

मी सांगितलं. शवपेटी माझ्याकडून, हेही सांगितलं.

“म्हणजे सगळं दिलंत. त्यानं मागितलं तेवढं सोडून.”

बागायतदारांना मग एक कल्पना सुचली. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “सिस्टर, तुमचं मन एवढं मोठं... तुमच्या मिस्टरांच्या शेजारची तुमची जागा आहे ना. तुम्ही स्वखुशीनं दिलीत तर सभासदाची जागा म्हणून नियमातही बसवता येईल.”

मी सुटकेचा श्वास टाकला. खरं सांगतो, मला वाटलं, वा! सिस्टर देतील, प्रश्न मिटेल, आणि रविवारी मी त्यांच्यावर चार सुंदर ओळी लिहीन.

सिस्टर बाकावर बसल्या. बूट काढून त्यातला खडा झटकला.

“देईन की. आत्ता देईन. पण मग काय होईल सांगू? तुमी रविवारी मला शाल घालाल. माझ्यासारखी बाई नाय म्हणाल. आणि पुढचा खलाशी मेला की कोणाच्या तोंडाकडं बघाल? माझ्याकडं तर तेव्हा जागा नसेल. चांगली बाई म्हणवून घ्यायची हौस मला राहिली नाय. तो नियम काढा. आणि ते चिरेसुद्धा काढा. जो जाईल त्याला फाटकापासून पहिली मोकळी जागा. मग तो बागायतदार असो नायतर खलाशी.”

“पण सिस्टर, भावनेचा प्रश्न आहे,” हेडमास्तर म्हणाले.

“त्याला भावना नाय?” त्यांनी पायरीकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे वळल्या. “तुमच्या आजोबांच्या आईला, ख्रिस्ती झाली म्हणून, गावच्या मसणात जागा दिली नव्हती. तिला ओढ्याच्या काठाला पुरली. तिथून निघून तुमी इथं आलात. दर वर्धापनदिनाला ही गोष्ट तू माईकवर सांगतोस. रडतोस पण. सांगतोस ना?”

सांगतो. छान सांगतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आमच्या हिंदू शेजाऱ्यांची, पण त्या दिवशी ती मला अंगाबरोबर शिवल्यासारखी बसली.

आणि तरीही मला राग आला. शरम नव्हे, रागच. पहिली मोकळी जागा म्हणजे कुठली हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी म्हणालो, “सिस्टर, पहिली जागा माझी आहे. तिच्या शेजारची.”

“ठाऊक हाय मला. तिला शेवटची आंघोळ मीच घातलीय. म्हणून तुलाच विचारते, दुसऱ्या कोणाला नाय.”

“तुमचं काय जातं बोलायला?”

हे मी बोललो. आजही आठवलं की जीभ चावतो. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “माझी सातवी हाय रे. मला पण यांच्याजवळच पडायचं होतं.”

पाळकसाहेब तरुण होते, ते खाली बघत होते. पायरीवरच्या भावाला आमचं बोलणं पुरतं कळत नव्हतं. आमच्यात कशावरून तरी भांडण लागलंय एवढं त्याला कळलं असावं. तो उठून आला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, झगडा नको. मी त्याला जाळतो. चालेल.”

‘चालेल’ हा शब्द मला सहन झाला नाही. मी वहीतल्या त्या बिनतोड नियमावर रेघ मारली, खाली सही केली आणि वही पुढे सरकवली. पाळकसाहेबांनी लगेच सही केली. हेडमास्तरांनी चष्मा पुसण्यात वेळ काढला, पण केली. बागायतदारांनी सर्वांत शेवटी केली, आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

दुपारी दफनभूमीत जाऊन पहार घेऊन मी माझा चिरा काढला. इतक्या वर्षांत तो घट्ट बसला होता, सहजी निघेना. खलाशांनी हात लावला तेव्हा निघाला. पाचच्या सुमाराला माणूस मातीत गेला. भावाने फोन वर धरला. पलीकडे एक म्हातारी होती, पदर तोंडाला लावलेला. तिने शेजारच्या कबरीबद्दल काही विचारलं. भावाने सांगितलं आणि मग मला मराठीत समजावलं, “आई विचारते, बाजूला कोण आहे. मी बोललो, एक ताई आहे. आई बोलली, मग ठीक आहे.”

मी घरी येऊन खूप रडलो. बायकोच्या आठवणीने रडलो, स्वतःच्या चिऱ्यासाठीही रडलो. पण त्या रात्री मला झोप चांगली लागली, हेही खरं. पुढच्या रविवारपासून तो रिकामा बाक भरला. एकदम नव्हे. आधी हेडमास्तरांची बायको बसली, मग शाळकरी मुलं.

या दोन वर्षांत आणखी तिघे गेले आणि जो तो ओळीने गेला. मागच्या महिन्यात सिस्टर गेल्या. झोपेतच, कोणाला त्रास न देता. फाटकापासून पहिली मोकळी होती ती पाचवी जागा, बागायतदारांच्या आईच्या शेजारची. हयातीत त्या दोघींचं कधी पटलं नव्हतं. सिस्टरांच्या नवऱ्याशेजारची सातवी जागा रिकामीच होती, हाकेच्या अंतरावर.

कमिटीत सगळ्यांचे डोळे भरलेले. बागायतदारच म्हणाले, “एकदाच अपवाद करू. त्यांच्यासाठी नाही करायचा तर कोणासाठी?” पाळकसाहेबांनी मान डोलावली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तर तेच हवं होतं. त्या बाईला तिच्या माणसाजवळ ठेवण्यासाठी मी काहीही केलं असतं.

मी नाही म्हणालो.

मुंबईहून आलेली मुलगी फाटकाशी उभी होती. तिने मला बाजूला घेतलं. “काका, आईने तुमच्या घरी येऊन किती केलं. दोन जागा पुढे, एवढंच मागते आहे. तुम्हाला आई आवडत नव्हती का?”

मी पाचव्या जागेपाशी जाऊन उभा राहिलो आणि पेटी उतरवायला दोरी धरली. मुलगी संध्याकाळच्या गाडीने गेली, जाताना मला सलाम न करता. आवडत होती, म्हणूनच, हे मला तिला अजून फोन करून सांगता आलेलं नाही.